खुराक, नोकरी आणि करार : मुंबई परिसरातील फुटबॉल संघांच्या वेतनखर्चाचा इतिहास

सीबीडी बेलापूर स्थानकावरून मुंबईकडे निघाले म्हणजे सीवूड्स-दारावेनंतर लागलीच नेरूळ येते. तेथील डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर १८ ऑक्टोबर २०१४ रोजी मुंबई सिटी या नव्याने स्थापन झालेल्या संघाने आपला घरच्या मैदानावरील पहिला सामना खेळला आणि पुण्याच्या तितक्याच नव्या संघाचा ५-० असा पराभव केला. हरलेला पुण्याचा संघ पाच वर्षांच्या आत अस्तित्वातून गेला. जिंकलेला मुंबईचा संघ दोन हंगामांनंतर नेरूळ सोडून अंधेरीस गेला. त्याची मालकी पुढे परदेशी हातांत गेली आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मूळ मालकांकडे आली. एका सामन्यातील दोन संघांच्या या हकिकतीत मैदानावरील जयापजयाचा संबंध जवळजवळ नाही. तो जमाखर्चाशी आहे, आणि त्यातही विशेषेकरून एका बाबीशी : खेळाडूंचे वेतन कोण देतो, व कशातून देतो.

फुटबॉलच्या अर्थकारणाविषयी आज जी चर्चा चालते, तीत वेतनाचे उत्पन्नाशी असलेले प्रमाण हा संघाच्या प्रकृतीचा मापदंड मानला जातो. हा मापदंड युरोपातून आला. तो आपल्याकडे जसाच्या तसा लावता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मुंबई, पुणे, कोल्हापूर आणि गोवा येथील संघांचा इतिहास पाहता असे दिसून येते की आपल्याकडे वेतन हे संघाच्या उत्पन्नातून कधी दिलेच गेले नाही. ते नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी उत्पन्नातून आले. त्यामुळे येथील संघांचा अंत त्यांच्या स्वतःच्या तोट्याने ठरलेला क्वचितच आढळतो. तो ठरला त्या दुसऱ्या कोणाच्या तरी निर्णयाने.

या पद्धतीचे मूळ फुटबॉलहून जुने आहे. मल्लविद्येला संस्थानिकांचा जो आश्रय होता, त्यात मल्लाला वेतन नव्हते, खुराक होता. दूध, तूप, बदाम, राहण्यास तालीम आणि मैदान मारले तर इनाम, असा तो व्यवहार. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१२ साली खासबाग मैदान उभारले ते याच आश्रयपरंपरेत. त्या मैदानाने स्वतःचा खर्च स्वतः भागवावा अशी अपेक्षा कोणी केल्याचे ऐकिवात नाही. कोल्हापुरातील फुटबॉल संघांची नावे आजही पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम अशीच आहेत, हा योगायोग नव्हे. १९४० साली स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या छत्राखाली हे संघ खेळतात. त्यांचा पैसा पेठेतील वर्गणीतून, हितचिंतकांच्या देणगीतून आणि अलीकडे पुढाऱ्यांच्या औदार्यातून येतो. गेल्या काही वर्षांत आफ्रिकेतील खेळाडूही मानधनावर या संघांतून खेळले आहेत. म्हणजे करार तेथेही पोहोचला. परंतु पेठ हीच आश्रयदाती असल्यामुळे, आणि पेठ सहसा दिवाळखोर होत नसल्यामुळे, कोल्हापूरचे जुने संघ टिकले. मुंबई-पुण्याच्या मोठ्या संघांना हे साधले नाही.

मुंबईत आश्रयाचे रूपांतर नोकरीत झाले. रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ साली सुरू झाली तेव्हा तिच्यावर लष्करी पलटणींचे वर्चस्व होते. स्वातंत्र्यानंतर ती जागा नोकरपेशा संघांनी घेतली. हैदराबाद पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हा चषक जिंकला; १९५८ साली मुंबईच्या कॅल्टेक्स या तेलकंपनीच्या संघाने तो मिळविला. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, रेल्वे, बँका, एअर इंडिया, राष्ट्रीय केमिकल्स, ओएनजीसी आणि १९६२ पासून महिंद्र, असे कूपरेजवर उतरणारे संघ हे कंपन्यांचे व कचेऱ्यांचे संघ होते. त्यांतील खेळाडू कागदोपत्री कारकून, फिटर अथवा भांडारपाल असे. सकाळी सराव, दुपारी हजेरीपटावर सही, आणि महिन्याच्या अखेरीस इतर कर्मचाऱ्यांप्रमाणेच पगार. भविष्यनिर्वाह निधी, वैद्यकीय सवलत, गुडघा निकामी झाला तरी नोकरी कायम, आणि बूट खुंटीला टांगल्यावर निवृत्तीपर्यंत टेबल-खुर्ची.

हिशेबाच्या दृष्टीने या व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे की फुटबॉलचा वेतनखर्च म्हणून वेगळा आकडाच अस्तित्वात नव्हता. तो कंपनीच्या पगारपत्रकात विरघळलेला असे. गणवेश, प्रवास, प्रशिक्षकाचे मानधन एवढाच खर्च क्रीडामंडळाच्या नावे पडे. संघ तोट्यात आहे की नफ्यात, हा प्रश्न विचारण्यालाच अर्थ नव्हता. अर्थात् ही सुरक्षितता उसनी होती, आणि उसनवार देणारा अडचणीत आला की ती संपणार हे उघड होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने सुमारे अडीच लाख कामगारांच्या चुली विझविल्या. त्या आपत्तीपुढे गिरण्यांच्या संघांचे काय झाले याची विचारपूस कोण करणार! तरीही मुंबईच्या क्रीडाजीवनाचा इतिहास लिहिणाऱ्याने ती केली पाहिजे. गिरणीच्या हजेरीपटावर नाव असणे हेच या शहरात खेळाडू म्हणून जगण्याचे एक साधन होते.

इंग्लंडचा इतिहास येथे तुलनेसाठी उपयोगी पडतो. तेथील क्लबांचे उत्पन्न पहिल्यापासून प्रवेशद्वारावर जमा होत असे, आणि म्हणूनच वेतनाचा प्रश्न तेथे लवकर उद्भवला. १९०१ साली खेळाडूचे कमाल वेतन आठवड्यास ४ पौंड असे ठरविण्यात आले. श्रीमंत क्लबांनी गरीब क्लबांचे खेळाडू ओढून नेऊ नयेत हा त्यामागील उद्देश होता; खेळाडू मात्र त्यात भरडले गेले. ही मर्यादा वाढत वाढत २० पौंडांवर आली, आणि जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाची धमकी दिल्यावर जानेवारी १९६१ मध्ये रद्द झाली. लगोलग फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्यास १०० पौंड मिळू लागले. पुढे १९९५ च्या बोसमन निकालाने करार संपलेल्या खेळाडूला मोकळीक दिली व वेतने अधिकच वाढली. या साऱ्या प्रवासात भांडण एका विद्यमान उत्पन्नाच्या वाटणीचे होते. द्वारावर जमलेल्या पैशातील वाटा क्लबाचा किती आणि खेळाडूचा किती, एवढाच वाद. मुंबईच्या कचेरी संघांत वाटून घेण्याजोगे द्वारावरचे उत्पन्न नगण्य होते, म्हणून वादही झाला नाही.

१९९६-९७ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि चित्र पालटू लागले. लीग म्हणजे वर्षभराचा खेळ, देशभराचा प्रवास आणि परदेशी खेळाडू. हजेरीपटावर सही करणारा भांडारपाल हे सर्व सांभाळू शकेना. पूर्ण वेळचा धंदेवाईक खेळाडू आला, त्याच्याबरोबर करारपत्र आले, आणि वेतनखर्च प्रथमच एका स्वतंत्र रकान्यात दिसू लागला. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. त्यानंतर चार वर्षांनी, २००९-१० चा हंगाम संपताच, हा संघ मोडण्यात आला. यापुढे लक्ष शालेय व युवक फुटबॉलवर देणार असे कंपनीने जाहीर केले. पुढच्याच वर्षी पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता असलेला फगवाड्याचा जेसीटी हा गिरणीचा संघही गेला. दोन्ही संघ चषकांच्या कपाटासह गेले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

याहून बोलकी घटना २०१३ ची आहे. आशियाई फुटबॉल महासंघाने क्लबांना परवाना देण्याचे निकष ठरविले होते. क्लब ही स्वतंत्र संस्था असावी, तिचे हिशेब तपासलेले असावेत, युवक संघ असावेत, असे त्यांचे स्वरूप. हेतू चांगलाच होता. क्लब आर्थिकदृष्ट्या आपल्या पायावर उभे राहावेत. या निकषांत न बसल्यामुळे एअर इंडिया आणि ओएनजीसी या दोन नोकरपेशा संघांना आय-लीगमधून वगळण्यात आले. परिणामाकडे पाहिले तर विचित्र वाटते. ज्यांच्या खेळाडूंच्या वेतनामागे एक सरकारी कंपनी उभी होती, ते अपात्र ठरले. आणि ज्यांच्या वेतनामागे एखाद्या उद्योगसमूहाची त्या वर्षापुरती इच्छा होती, ते पात्र ठरले. नियमाने संस्थेचे स्वरूप तपासले. पैशाच्या उगमापर्यंत तो पोहोचू शकला नाही.

पात्र ठरलेल्यांचे पुढे काय झाले ते पाहू. पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ मध्ये स्थापन झाला, २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला आणि २०१६ पर्यंत त्याचा वरिष्ठ संघ उरला नाही. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४ मध्ये निघाला व एक हंगाम खेळून २०१५ मध्ये बंद पडला. बांधकाम व्यवसायातील डीएसके समूहाच्या शिवाजियन्सने २०१५-१६ मध्ये आय-लीगमध्ये पाऊल टाकले आणि २०१७ मध्ये ते मागे घेतले. एस्सेल समूहाचा मुंबई एफसी २००८-०९ पासून पहिल्या श्रेणीत चिवटपणे टिकून होता. २०१६-१७ मध्ये तो खालच्या श्रेणीत घसरला आणि विसर्जित झाला. नेरूळला हरलेला पुणे सिटी वाधवान समूहाच्या हाती होता. त्या समूहाची गृहकर्जे देणारी कंपनी सप्टेंबर २०१८ पासून रोखटंचाईत सापडली, नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळ दूर केले. आणि या दोन तारखांच्या दरम्यान, ऑगस्ट २०१९ मध्ये, पुण्याच्या संघाची जागा हैदराबादला गेली. महिंद्रापासून येथवर मोजले तर दहा वर्षांत मुंबई-पुण्यातील आठ संघ देशाच्या वरच्या फुटबॉलमधून नाहीसे झाले.

या यादीतून एका माणसाचा मार्ग जातो. खालिद जमील हे महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या तिन्ही संघांतून खेळले व पुढे मुंबई एफसीचे दीर्घकाळ प्रशिक्षक होते. २०१६ मध्ये तेथून निघून ते मिझोरामच्या ऐजॉल एफसीकडे गेले. त्या संघाने अल्प खर्चात २०१६-१७ ची आय-लीग जिंकली. त्याच हंगामात मुंबई एफसीची घसरण झाली. ऐजॉलमागे मोठा उद्योगसमूह नव्हता. गावाचे प्रेम होते आणि वेतने बेताची होती. कोल्हापूरच्या पेठेचे एक मोठे रूपच म्हणा ना. परंतु ऐजॉललाही त्या उंचीवर राहता आले नाही, हेही नमूद केले पाहिजे. विजेत्या संघातील खेळाडूंना अधिक वेतन देणारे क्लब लगेच मिळाले. साठ वर्षांपूर्वी इंग्लंडमधील कमाल वेतनाच्या समर्थकांना जी भीती वाटत होती, तीच येथे खरी ठरली.

गोव्याचे उदाहरण या विवेचनाला काहीसा छेद देते, म्हणून ते टाळता येत नाही. साळगावकर (१९५६) आणि धेंपो हे गोव्याचे मोठे संघ खाणमालक घराण्यांनी पोसले. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ मध्ये राज्य सरकार व सर्वोच्च न्यायालय यांच्या आदेशांनी खाणकाम थांबले, तेव्हा संघांची नाडी सुकणार असे सर्वांनाच वाटले. वस्तुतः धेंपो घराण्याने आपला खाणव्यवसाय २००९ मध्येच विकला होता, आणि त्यानंतरही त्यांच्या संघाने २००९-१० व २०११-१२ ची आय-लीग जिंकली. म्हणजे व्यवसाय गेल्यावरही आश्रय टिकू शकतो, आश्रयदात्याचे मन टिकले तर. साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे संघ २०१६ च्या सुमारास आय-लीगमधून बाहेर पडले, ते राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रस्तावित नव्या रचनेवर आक्षेप घेऊन. पैसा संपला असे त्यांनी म्हटले नाही. आपल्या पैशाला आता मान उरला नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. आश्रयदात्याचा मान हाही या व्यवस्थेतील एक आर्थिक घटक होय. युरोपीय हिशेबपद्धतीत त्याला रकाना नाही.

आता पुन्हा नेरूळकडे वळू. इंडियन सुपर लीगने खेळाडूला लिलावात उभे केले. १० जुलै २०१५ रोजी मुंबईत झालेल्या लिलावात सुनील छेत्री यांच्यासाठी मुंबई सिटीने १ कोटी २० लाख रुपये मोजले व यूजिनसन लिंगडोह यांच्यासाठी पुणे सिटीने १ कोटी ५ लाख. हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर असा जेमतेम तीन महिन्यांचा होता. खेळाडूंना त्यांच्या कसबाचे मोल मिळाले याबद्दल कोणी खंत करू नये. कूपरेजवर तीस वर्षे घाम गाळलेल्या कित्येकांना ते मिळाले नव्हते. प्रश्न इतकाच की हे पैसे कोठून यायचे होते.

एक साधे गणित मांडून पाहू. २०१९-२० च्या सुमारास या लीगमध्ये संघाच्या एकूण वेतनाला १६ कोटी ५० लाख रुपयांची मर्यादा होती. मुंबई सिटीचे अंधेरीचे मैदान सुमारे सात हजार प्रेक्षकांचे आहे. घरचे १२ सामने झाले, प्रत्येक सामन्याला मैदान गच्च भरले आणि प्रत्येकाने सरासरी ३०० रुपये मोजले असे गृहीत धरले, तरी जमा होतात २ कोटी ५२ लाख. म्हणजे वेतनमर्यादेच्या एकषष्ठांशाहूनही कमी. नेरूळच्या पन्नास हजारांहून अधिक आसनांच्या स्टेडियमवर हे गणित अधिक सुसह्य झाले असते, पण ते स्टेडियम क्लबाचे नव्हते, आणि अंधेरीचे क्रीडासंकुलही महानगरपालिकेच्या क्रीडा प्रतिष्ठानचे आहे. दोन्ही ठिकाणी क्लब भाडेकरूच. इंग्लंडमधील जुन्या क्लबांपैकी कित्येकांपाशी निदान मैदानाची जमीन होती. ती तारण ठेवून वाईट वर्षे काढता येत. येथे बेलापूर-नेरूळपासून अंधेरीपर्यंतच्या या महागड्या भूमीत एकाही धंदेवाईक फुटबॉल क्लबाच्या ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला मैदान दिसत नाही. मालमत्ता म्हणजे खेळाडूंचे करार, आणि ते तर खर्चाचेच दुसरे नाव.

युरोपीय संघटनेने २०२२ मध्ये जे नवे नियम केले, त्यांनुसार खेळाडूंची व प्रशिक्षकांची वेतने, हस्तांतर-खर्च आणि दलाली मिळून संघावरील खर्च उत्पन्नाच्या ९० टक्के, मग ८० टक्के आणि २०२५-२६ पासून ७० टक्के यांच्या आत ठेवावयाचा आहे. हाच दंडक वरील उदाहरणास लावला तर १६ कोटी ५० लाखांच्या वेतनासाठी सुमारे २३ कोटी ५७ लाखांचे उत्पन्न हवे. द्वारावरचे अडीच कोटी वजा जाता उरलेले २१ कोटी प्रक्षेपण, जाहिरातदार आणि मध्यवर्ती वाटा यांतून यावयास हवेत. ते पुरेसे आले नाहीत. क्लब वर्षानुवर्षे तोटा सोसत असल्याचे त्यांच्या चालकांनी वारंवार जाहीरपणे सांगितले आहे. तोटा भरून काढणारा पुन्हा मालकच. कंपनीच्या पगारपत्रकातून बाहेर पडलेले वेतन अशा रीतीने मालकाच्या वार्षिक भरपाईत येऊन थांबले. दरम्यान भविष्यनिर्वाह निधी व निवृत्तीची खुर्ची या दोन गोष्टी वाटेत गळून पडल्या.

नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टरच्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीचे ६५ टक्के भाग घेतले. यश तत्काळ आले : २०२०-२१ मध्ये लीगची ढाल आणि चषक दोन्ही, २०२२-२३ मध्ये पुन्हा ढाल, २०२३-२४ मध्ये पुन्हा चषक. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी आशियाई चँपियन्स लीगच्या सामन्यासाठी हा संघ एका रात्रीपुरता नेरूळला परतला. प्रतिस्पर्धी होता सौदी अरेबियाचा अल-हिलाल, ज्याची ७५ टक्के मालकी त्याच वर्षी तेथील सार्वजनिक गुंतवणूक निधीकडे गेली होती. नेमार दुखापतीमुळे आला नव्हता, तरी स्टेडियममध्ये मोठी गर्दी होती. मुंबई ०-२ अशी हरली. त्या रात्री मैदानावर असलेले दोन्ही संघ तिकिटावर जगणारे नव्हते, एवढे येथे नोंदवून ठेवू.

या लीगचा पाया डिसेंबर २०१० च्या एका करारावर होता. १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपये देऊन खासगी कंपनीने राष्ट्रीय महासंघाकडून हक्क घेतले होते. त्याची मुदत ८ डिसेंबर २०२५ रोजी संपत होती आणि नवा करार होईना, म्हणून जुलै २०२५ मध्ये येणारा हंगाम स्थगित झाला. ४ ऑगस्ट रोजी बेंगळुरू एफसीने आपल्या पहिल्या संघातील खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे वेतन अनिश्चित काळासाठी थांबविले. लिलावात लाख-कोटींची बोली लागलेल्या खेळाडूंना त्या महिन्यात जे अनुभवावे लागले, ते महिंद्राच्या किंवा ओएनजीसीच्या हजेरीपटावरील खेळाडूला नोकरीत असेतो कधी अनुभवावे लागले नव्हते. हक्कांसाठी निविदा मागविल्या गेल्या, तेव्हा नोव्हेंबरच्या मुदतीपर्यंत एकही आली नाही. डिसेंबरच्या अखेरीस सिटी ग्रुपने मुंबई सिटीतील आपले भाग सोडले. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी आखूड हंगाम फेब्रुवारीत सुरू होईल असे जाहीर केले, आणि क्लबांनी आपापल्या खेळाडूंना सरावासाठी परत बोलाविण्यास सुरुवात केली.